सात सेकंदांचा फेस

१

फेस सात सेकंद जगला.

राजनंदिनीने मोबाइलच्या घड्याळावर मोजलं होतं. पेल्यात बिअर पडली तेव्हा तो चांगला दोन बोटं वर आला, पांढराशुभ्र, तरणाताठा. मग मधोमध त्याला खळगा पडला, कडेकडेने तो फुटला आणि आठव्या सेकंदाला पेल्यात नुसतं तांबूस पाणी उरलं. रितेश पार्टे त्या पेल्याकडे बघत बसला. थोड्या वेळाने उठला, दाराशी उभ्या असलेल्या निळ्या सुटकेसपाशी गेला आणि तिची चेन पुढेमागे करून नीट लागते का ते पाहिलं.

हे लागोपाठ तिसरं मयत. पहिल्या खेपेचा फेस चार मिनिटं पेल्यावर गादीसारखा बसून होता. दुसऱ्या, तिसऱ्या आणि आता चौथ्या खेपेचा जन्मला आणि गेला. चवीत फरक नाही, रंगात फरक नाही, फक्त फेस जायचा.

रितेशने आठ वर्षं पर्यटकांच्या बोटीवर काढली होती. आधी पेले धुतले, मग बोटीवरच्या छोट्या भट्टीत बिअर बनवायला शिकला. उतरताना तिथल्या साहेबाने आपलं जुनं घरगुती बिअर-यंत्र त्याच्या गळ्यात मारलं. वॉशिंग मशीनएवढं, स्टीलचं. वरून पाणी आणि धान्य घाला, बटण दाबा. ते स्वतःच शिजवतं, उकळतं, गार करतं, खालच्या टाकीत आंबवतं आणि बारा दिवसांनी तोटीतून देतं. पोलादपूरजवळच्या कापडे गावात पार्ट्यांच्या पडवीत ते आलं आणि गावाने त्याचं नाव ‘जावयबापू’ ठेवलं. नाव चुकीचं नव्हतं. त्याला घरातला सगळ्यात गार कोपरा लागायचा, पाणी गाळून लागायचं, वेळेवर लागायचं, आणि व्होल्टेज जरा कमी झालं की रुसून लाल दिवा लावायचं.

वर महाबळेश्वरात एका हॉटेलवाल्याने परवाना काढून स्वतःची भट्टी टाकली होती. त्याला नाचणीची बिअर हवी होती आणि ती बनवणारा माणूस. नमुन्याच्या बिअरसाठी त्याने वकिलाकडून कसलासा कागद करून रितेशला दिला होता आणि तीस जानेवारीला चव बघायला येतो म्हणाला होता. अट एकच. “माझं गिऱ्हाईक आधी फोटो काढतं, मग पितं,” तो म्हणाला होता. “फोटो निघेपर्यंत फेस उभा पाहिजे.”

फेस उभा राहिला तर महाबळेश्वर, म्हणजे आंबेनळी घाट उतरला की घर. नाही राहिला तर दोन फेब्रुवारीला मुंबईहून बोट, आणि पुन्हा नऊ महिने. लग्नाला तीन वर्षं झाली होती. त्यांतला संसार राजनंदिनीने एकदा बोटांवर मोजला होता. सात महिने.

आज अकरा जानेवारी होती. म्हणजे आता एकच खेप हातात होती.

“घरातलंच कुणीतरी काहीतरी करतंय,” रितेश म्हणाला. तो हे अगदी हळू म्हणाला, पण पडवीत, ओटीवर आणि स्वयंपाकघरात ते सगळ्यांना ऐकू गेलं. त्या रात्री पार्ट्यांच्या घरात कुणी कुणाला आमटी वाढली नाही. ज्याने त्याने आपली घेतली.

२

धम्मपाल तांबे एक्साइज खात्यातून जमादार म्हणून निवृत्त झाले, त्याला तीन वर्षं झाली होती. एकतीस वर्षांच्या नोकरीत महाड-पोलादपूरच्या दऱ्याखोऱ्यांतल्या हातभट्ट्या त्यांनी नाकाने शोधल्या. ओढ्याकाठी उभं राहून ते दोनदा श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, करवंदीच्या जाळीमागे, दोन पिंपं, कालचं. स्वतः कधी थेंब घेतला नाही. निवृत्तीनंतर या नाकाचं काय करायचं हा प्रश्न महाडातल्या त्यांच्या आळीने सोडवला. कुणाची कोंबडी गेली, कुणाच्या गॅसला वास येतो, की जमादारांना बोलवा.

राजनंदिनी महाडला कोर्टाजवळ एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करायची. दुपारच्या सुट्टीत ती थेट जमादारांच्या घरी आली. ती बोलत असताना त्यांची बायको राजश्री गवार मोडत होती. सगळं ऐकून झाल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, “एकतीस वर्षं लोकांची ओतलीत. आता एकाची भरायला निघा.”

जमादारांनी विचारलं, “कायद्याचं काय?”

राजनंदिनीने पर्समधून हॉटेलवाल्याचा कागद काढला. जमादारांनी तो घडी न मोडता परत दिला. वाचला असता तर त्यांचं त्यावर मत झालं असतं.

खरं तर त्यांनी जायचं कधीच ठरवून टाकलं होतं. कारण सोनबा. रितेशचा बाप सोनबा पार्टे आणि ते पोलादपूरच्या शाळेत एका बाकावर होते. सोनबा शेतकरी, पण पंचक्रोशीत ओळख आचारी म्हणून. लग्न असो, पूजा असो, पाचशे माणसांची डाळ चढवायची तर सोनबा. जमादारांच्या मुलीच्या लग्नात आठशे पान उठलं. सोनबा लांब दांड्याचा डाव घेऊन चार चुलींमध्ये लग्नघरचा मुलगा असावा तसा फिरत होता, आणि डाळीचा एक थेंब चुलीत सांडला नाही. त्या माणसाचं पोर पुन्हा समुद्रावर जाणार, तेही फेसापायी, हे जमादारांना पटलं नाही.

“घरी कुणावर संशय आहे?” त्यांनी विचारलं.

राजनंदिनीने तीन बोटं वर केली. मग तिसरं बोट तिने स्वतःच्या छातीवर टेकवलं.

३

पहिलं बोट सासूचं होतं. गीताबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. घरात बिअर बनते हे त्यांनी देवाला कळू दिलं नव्हतं. देवघराचं दार त्या दिवशी लोटून ठेवत. पण पेले मात्र त्याच घासायच्या. साबणाचा अंश पेल्याला राहिला तर फेस मरतो, हे रितेशने बोटीवर शिकलेलं.

जमादारांनी पंचाईत मिटवायला पुरावा बरोबरच आणला होता. म्हणजे येताना ते महाडच्या एका बिअरच्या दुकानात शिरले होते. दुकानदार त्यांना वीस वर्षं ओळखत होता. तो उठून उभा राहिला, भिंतीवरचा परवाना पुसला आणि नोकराला चहा सांगितला. जमादार एक बाटली मागताहेत हे त्याला तिसऱ्यांदा सांगितल्यावर कळलं, आणि तरी पावती फाडण्याआधी त्याने स्टॉकचं रजिस्टर पुढे केलं.

ती बाटली त्यांनी गीताबाईंनी घासलेल्या पेल्यात ओतली. फेस आला आणि बसला. तो चांगला निवांत बसला. मग नव्या कोऱ्या पेल्यात रितेशची बिअर ओतली. सात सेकंद.

“पेला निर्दोष,” जमादार म्हणाले.

“मग मी कोण?” गीताबाईंनी विचारलं.

“तुम्ही पेल्याबरोबर सुटलात.”

गीताबाई आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात चहा होता आणि डोळे पुसलेले होते. त्या सांगू लागल्या, की उलट त्यांनीच जावयबापूंचं भलं केलं होतं. पहिल्या खेपेला यंत्र तीनदा उतू गेलं आणि बंद पडलं. पाटीवर कसलासा चारचा आकडा यायचा. त्यांनी वाघजाईला नारळ दिला, आणि त्यानंतर उतू जाणं जे बंद झालं ते आजतागायत.

“ते नारळानं नाय झालं, काकी,” पडवीतून आवाज आला. हा हृतिक, रितेशचा चुलतभाऊ, दुसरं बोट. नालासोपाऱ्याला राहायचा, डिसेंबरच्या मध्याला सुट्टी म्हणून आला तो अजून सुट्टीवरच होता. “मी स्टॅबिलायझर लावला ना. पॉवर क्लीन झाली, मशीन शांत.”

“दोन्ही नाही,” रितेश म्हणाला. “मी अ‍ॅप अपडेट केलं तेव्हापासून.”

जमादारांनी तिघांकडे पाहिलं. दुखणं बरं केल्याचं श्रेय घ्यायला तीन माणसं उभी होती. ओटीवर चौथा माणूस सुपात नाचणी पाखडत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

हृतिकला एकट्याला मागच्या पडवीत नेल्यावर त्याने फार वेळ घेतला नाही. टाकीत दर खेपेला दोन-अडीच लिटर कमी भरायचे, ते त्याच्याकडे होते. पाण्याच्या बाटल्यांत, पांघरुणांच्या फडताळात. “क्वालिटी चेकिंग, काका. पण पाणी नाय मिसळलं. तेवढं पाप नाय केलं.”

जमादार गालात हसले. पाणी मिसळलं असतं तर टाकी भरलेली दिसली असती. चोराने चोरी झाकली नव्हती म्हणून तो भेसळीतून सुटला. आणि दुसरी खेप तो येण्याआधीचीच होती. तेव्हाही फेस मेलाच होता.

म्हणजे पेला नाही, पाणी नाही. जे काही होतं ते बिअरच्या पोटात होतं.

“रितेश,” जमादार म्हणाले, “टाकी उघड.”

४

चौथी खेप अजून निम्मी शिल्लक होती. यंत्राच्या पोटातली टाकी फ्रिजसारखी गार होती. रितेशने झाकण काढून टॉर्च धरला. आतल्या स्टीलला, जिथपर्यंत बिअर पोचली होती तिथे, गोल पांढरट कड धरली होती. दुधाच्या पातेल्याला धरते तशी, फक्त पातळ.

“यीस्टचा थर,” रितेश म्हणाला. “दर वेळी थोडा राहतो.”

जमादारांनी बोटाने एक कण उचलला. एकतीस वर्षं पिंपांच्या तळाशी हात घातला होता. आंबवणाचा गाळ चिकट असतो, पिठूळ असतो, आणि चोळला तरी विरत नाही. हा कण त्यांच्या अंगठ्याच्या उबेनेच वितळला. त्यांनी बोटं नाकाशी नेली. दोनदा श्वास घेतला.

खोबरेल.

बिअरमध्ये खोबरेल तेल. टाकी गार होते तेव्हा ते थिजून कडेला बसतं, आणि उरलेलं फेसाला टिकू देत नाही. फेस आणि तेल यांचं सासूसुनेसारखं असतं. एका पेल्यात नांदत नाहीत. हे रितेशलाही ठाऊक होतं. त्याचा चेहरा पडला.

कारण खोबरेल आपल्या पायांनी चालत येत नाही. कुणीतरी घातलं होतं.

पार्ट्यांच्या घरात खोबरेल केसांना लागायचं. गीताबाईंचा अंबाडा त्यातच बुडालेला. हृतिक डोक्याला तेल लावून मग त्यावर जेल लावायचा. त्याच्या उशीवरून माशी घसरली असती. राजनंदिनी शनिवारी रात्री लावायची. रितेशसुद्धा. म्हणजे ज्याच्या ज्याच्या डोक्यावर केस होते तो प्रत्येक माणूस आता संशयित होता. एकटा सोनबा सुटला. त्याच्या डोक्यावर गेली वीस वर्षं विळ्याने कापायला काही पीक नव्हतं.

तिसरं बोट उरलं होतं. जमादार राजनंदिनीला घेऊन अंगणात आले.

“तू स्वतःला का धरलंस?”

“कारण सगळे धरतात,” ती सरळ म्हणाली. “बोटीवरचा पगार सुनेला गोड लागला, असं गावात एका-दोघींनी म्हणून झालंय. ह्यांनी म्हटलं नाही. पण काल ‘घरातलंच कुणीतरी’ म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी. बाकी सगळ्यांकडे बघितलं.”

तिने पिशवीतून एक वही काढली. वकिलाच्या ऑफिसातली सवय. यंत्र आल्यापासून तिने प्रत्येक खेपेची नोंद ठेवली होती. पाणी किती, नाचणी किती, उकळायला कधी लागलं, कोणता दिवा लागला. जमादारांनी चष्मा लावला आणि अंगणातल्या बाजेवर बसून वही चाळली.

पहिली खेप: उकळताना उतू, चार नंबरचा एरर, तीनदा. खाली रितेशचे शब्द जसेच्या तसे: *झाकणाखालचा सेन्सर आता भिजून जळला तर नवा मिळणार नाही, मग बोटच.* फेस चार मिनिटं.

दुसरी खेप: एरर नाही. फेस आठ सेकंद.

तिसरी: एरर नाही. फेस सात.

चौथी: एरर नाही. फेस सात.

जमादारांनी तीच पानं पुन्हा वाचली. स्टॅबिलायझर तिसऱ्या खेपेला आला होता. अ‍ॅप चौथ्याच्या आधी अपडेट झालं होतं. उतू जाणं मात्र दुसऱ्याच खेपेला थांबलं होतं. वाघजाईबद्दल त्यांना काही म्हणायचं नव्हतं, पण वाघजाई खोबरेल वापरत नाही.

“सेन्सर जळला तर बोट, असं तो म्हणाला तेव्हा कोण कोण होतं?”

“सगळेच. जेवायला बसलो होतो.”

“आणि यंत्र उकळतं तेव्हा पडवीत कोण असतं?”

“कुणीच नाही, काका. आपोआप चालतं ना. मी महाडला, सासूबाई नदीवर. हॉप्सची कडू फुलं टाकायचं भोक असतं झाकणाला, तेवढं उघडं ठेवून हे अंघोळीला जातात.”

जमादारांनी वही मिटली. त्यांना उत्तराचा वास लागला होता, पण त्यात माणूस बसत नव्हता. चष्मा काढायला मान वळवली आणि त्यांची नजर ओटीच्या कठड्यावर गेली. तिथे उन्हात एक छोटी चपटी बाटली उभी होती. कापड्यात जानेवारीची थंडी असते. रात्री खोबरेल थिजतं. आत तेलाचा पांढरा गोळा होता आणि त्याच्या भोवती नुकतं पाणी सुटू लागलं होतं.

“ती बाटली कुणाची?”

राजनंदिनीने वळून पाहिलं. “मामंजींची. आचाऱ्याच्या पिशवीतली. डाळीला लागते ना त्यांना.”

“आज कुठे लग्न आहे?”

“लग्न कसलं, काका? पौष चालू आहे.”

जमादार बाजेवरून उठले नाहीत. पौषात लग्नं नसतात. महिनाभर पंचक्रोशीतल्या एकाही आचाऱ्याची पिशवी खुंटीवरून उतरत नाही. आणि टक्कल पडलेल्या एका आचाऱ्याने आपलं तेल उन्हात वितळायला ठेवलं होतं. पाचवी खेप चढायची होती ती दोन दिवसांनी. पण जोखमीचं काम असलं की सोनबा तयारी आधी करायचा.

५

छापा घालणं सोपं असतं. भट्टीवाला पळतो, आपण पिंप लवंडतो, पंचनामा होतो. इथे पळणारा माणूस सुपात नाचणी पाखडत होता, आणि ती नाचणीही त्याच यंत्रासाठी. जमादार तासभर परसात फेऱ्या मारत राहिले. मग ओटीवर येऊन म्हणाले, “सोनबा, भूक लागली. तुझ्या हातची डाळ कर.”

“घरात केली हाय की.”

“चुलीवरची. टोपातली. पंधरा माणसांची.”

“पंधरा कोन?”

“आपण सहा. उरली तर मी महाडला नेतो.”

सोनबा इतक्या लवकर उठला की सूप कलंडलं. पौषामुळे त्याचेही हात शिवशिवत होते. अंगणात तीन दगड मांडले, टोप चढला, पाणी, हळद, तुरीची डाळ. कठड्यावरची बाटली त्याने येता येता उचलली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. सगळी मंडळी बाजेवर, पायरीवर बसली. रितेश सगळ्यात लांब, सुटकेसच्या बाजूला.

जमादारांनी सांगायला घेतलं. पेला कसा सुटला, पाणी कसं सुटलं. खोबरेल कुठे सापडलं. हे ऐकताना सोनबाने एकदा डाळ ढवळली आणि डाव बाजूला ठेवला.

“आपण सगळे फेसाचा चोर शोधत होतो,” जमादार म्हणाले. “पण फेस चोरायला कुणी आलंच नव्हतं. वहीत बघा. ज्या खेपेला फेस मेला त्याच खेपेला उतू जाणं थांबलं. एका दिवशी एक दुखणं बरं झालं आणि दुसरं लागलं. औषध एकच होतं. ज्याने घातलं त्याला बिअरशी वैर नव्हतं. त्याला एवढंच हवं होतं की यंत्र उतू जाऊ नये.”

“पण ते कोण—” रितेश म्हणाला.

“डाळ बघ.”

डाळीला उकळी फुटली होती. पिवळा फेस टोपाच्या काठाकडे चढत होता, फुगत, एकमेकांच्या खांद्यावर पाय देत, दहीहंडीच्या पोरांसारखा. काठाशी आला. आता सांडणार. आणि सोनबाचा हात, मालकाला न विचारता, खिशात गेला. अंगठ्याने बूच उडालं, बाटली तिरकी झाली, चार थेंब. फेस होता तिथे थबकला आणि टोपाच्या पोटात बसून गेला.

चुलीतलं लाकूड तडतडलं.

सोनबाने हातातल्या बाटलीकडे पाहिलं, मग मंडळींकडे. त्याला सगळ्यात शेवटी कळलं.

“मग?” तो म्हणाला. “उतू जाऊ देऊ?”

रितेश उभा राहिला होता. “आबा, तुम्ही घातलंत? तिन्ही वेळा?”

“तूच म्हनलास. परत उतू गेलं की मशीन जळलं. मशीन जळलं की बोट.” सोनबा डाव पुसत होता, डाव स्वच्छच होता. “पन्नास वर्षं डाळ करतो. उतू जाऊ नये एवढं एक मला येतं. म्हनलं, तेवढं तरी करू.”

“सांगितलं का नाही?”

“तू शिकलेला. बोटीवरचा. मी काय सांगनार, तेल घातलं म्हनून? हसला असतास.” आणि डाव खाली ठेवून, “फेस मेला तो माझ्यामुळं, हे मला आत्ता कळतंय रे. आधी ठाव असतं तर हात तोडून घेतला असता.”

रितेश राजनंदिनीकडे वळला आणि या वेळी तिच्याकडे बघितलं. मग चुलीपाशी जाऊन बापाच्या शेजारी उकिडवा बसला आणि डाळीतला फेस कसा बसलाय ते बराच वेळ पाहत राहिला, जणू त्यालाही ते शिकायचं होतं.

“पण मग आता?” हृतिक म्हणाला. “तेल नाय घातलं तर उतू. घातलं तर फेस नाय. दोन्ही साइडनं बोटच.”

हे खरं होतं. गुन्हेगार सापडला होता आणि केस तिथेच होती.

६

उत्तर जमादारांकडे नव्हतं. ते त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केलं आणि डाळभात वाढून घेतला. तिसऱ्या घासाला त्यांनी सहज विचारलं, “सोनबा, समज तेल संपलं. ऐन लग्नात. मग काय करतोस?”

“तेल संपत नाय.”

“समज.”

सोनबाने डाव टोपात उभा धरला. “मग टोप पाऊनच भरायचा. वर जागा ठेवायची, फुगनाऱ्याला फुगायला. आनि उकळी धरली की एक लाकूड मागं ओढायचं. ह्यो काय पाठ करायचा धडा हाय?”

रितेशच्या हातातला घास ताटातच राहिला. “यंत्रावर रेघ आहे. तिथपर्यंत भरा म्हणतं पुस्तक.”

“पुस्तक लिवनाऱ्यानं नाचणी बघितली हाय का?”

बघितली नव्हती. पुस्तक जवासाठी लिहिलेलं होतं. नाचणी जवापेक्षा किती जास्त फुगते, हे कापड्यातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं आणि कारखान्यातल्या एकाही इंजिनिअरला नव्हतं. रितेश धावत पडवीत गेला. यंत्राच्या पाटीवर उकळीचा जोर कमी करायचं बटण होतं. तीन महिने त्याने ते शंभरावरून हलवलंच नव्हतं. बोटीवरच्या साहेबाने शंभर सांगितलं होतं.

“एका वेळी एकच गोष्ट बदला,” जमादार मागून म्हणाले. “नाहीतर परत तिघे श्रेय घ्यायला येतील.”

पण वेळ एकाच खेपेचा होता, म्हणून या नियमाला त्यांनी स्वतःच हरताळ फासला. चौदा तारखेला, संक्रांतीला, पाचवी खेप चढली. टाकी आधी सोड्याने घासून तेलाची कड काढली, मग पाऊण भरली. रितेश त्या दिवशी अंघोळीला गेला नाही. सोनबा यंत्रापुढे पाट टाकून बसला, खिसे रिकामे करून; बाटली गीताबाईंनी देवघरात, कुलपात ठेवली होती. झाकणाच्या भोकातून आत बघत सोनबा सांगायचा, “आता आला वर... लाकूड मागं घे.” रितेश बटण पंच्याऐंशीवर आणायचा. “अजून येक.” सत्तर. फेस भोकापर्यंत आला, थोडा विचारात पडला आणि परत गेला. चारचा आकडा आला नाही.

हृतिकला या खेपेपुरतं बाराही दिवस काकांकडे महाडला ठेवलं होतं. म्हणजे जमादारांकडे. तिथे राजश्रीने त्याच्याकडून घरातले सगळे पंखे पुसून घेतले.

तीस जानेवारीला हॉटेलवाला घाट उतरून आला. गाडीतून उतरून तो ओटीवर बसला, पेला समोर आला, त्याने मोबाइल काढला. फेस दोन बोटं उभा. त्याने एक फोटो काढला. उजेड नीट नाही म्हणून पेला कठड्यावर ठेवून दुसरा काढला. मग त्याला फोन आला आणि तो अंगणात फिरत बोलत राहिला. पेला उन्हात, कठड्यावर, नेमका त्या बाटलीच्या जागी. ओटीवरचं कुणी हललं नाही. राजनंदिनीच्या मोबाइलवर घड्याळ चालू होतं, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. गीताबाईंचे ओठ हलत होते. देवघराचं दार त्या दिवशी उघडं होतं, हे फक्त जमादारांनी पाहिलं.

फोन संपला. हॉटेलवाला परत आला. फेस थोडा खाली बसला होता, पण होता. जाड, पांढरा, पेल्याच्या कडेला धरून. त्याने घोट घेतला, ओठावरची फेसाची मिशी पुसली नाही.

“एक तारखेपासून या,” तो रितेशला म्हणाला. “उकळी कोण बघतं तुमच्याकडे? मशीनवर इतका मऊ फेस येत नाही.”

रितेशने बापाकडे बोट केलं. सोनबा एकदम उठला आणि गाईला पाणी दाखवायला गेला. गाय अर्ध्या तासापूर्वीच प्यायली होती.

जमादार संध्याकाळच्या एसटीने महाडला निघाले तेव्हा त्यांच्या पिशवीत डाळीचा डबा होता. बिअरची एक बाटलीही देऊ केली होती. त्यांनी ती नाकाशी धरली, दोनदा श्वास घेतला आणि परत केली. दारातून निघताना त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. इतके दिवस उंबऱ्याशी पायाला लागायची ती निळी सुटकेस तिथे नव्हती.

ती अंगणात उघडी पडली होती. गीताबाई तिच्यात मोड आणून वाळवलेली नाचणी भरत होत्या आणि चेन लागत नाही म्हणून सोनबा तिच्यावर बसला होता.